घरांतील विजेची तार व अर्थिंग

अर्धापूरच्या परिसरांत केळीचे मळे पुष्कळ आहेत. मळ्यास पाणी देणारा शेतकरी एक गोष्ट पक्की जाणतो. कालवा रुंद असतो, चारी त्याहून लहान असते आणि सरी तर फारच अरुंद असते. ज्या वाटेनें जितकें पाणी न्यावयाचें, तितकी ती वाट प्रशस्त ठेवावी लागते. नाहींतर बांध फुटतो. घरांतील विजेच्या तारांचा नियमहि असाच आहे. मात्र येथें चूक झाली तर घर पेटतें किंवा माणूस दगावतो. म्हणून हा विषय आपण नीट समजून घेऊं.

प्रथम प्रवाह किती लागेल तें काढावें. साधनावर लिहिलेल्या वॅटच्या आंकड्यास घरांतील २३० व्होल्ट दाबानें भागलें असतां अँपियर मिळतात. २००० वॅटच्या गीझरला सुमारें ८.७ अँपियर लागतात. दहा वॅटच्या दिव्यास एका अँपियरचा विसावा भागहि पुरतो. दोघांस एकाच जाडीची तार चालणार नाहीं, हें यावरून उघड होईल.

दुसरी गोष्ट तारेचा रोध. दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केला. तार लांब तितका रोध अधिक, जाड तितका कमी. समजा, घरापासून ४० मीटरवरील न्हाणीघरांत १० अँपियर घेणारा हीटर लावावयाचा आहे. जाणारी व येणारी मिळून तार ८० मीटर होते. ती तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची असली तर तिचा रोध जवळजवळ १ ओहम भरतो. म्हणजे १० व्होल्ट वाटेंतच खर्च होतात आणि १० × १० × १ = १०० वॅट उष्णता तारेंतच उत्पन्न होते. चार चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास हीच उष्णता सुमारें ४० वॅटवर येते.

तारेवरील साधें पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकाव धरतें. मे महिन्यांत हवाच चाळीस अंशांपलीकडे जाते व तार तापलेल्या स्लॅबमधील नळींत असते. म्हणून आपल्याकडे तार निवडतांना हात सैल ठेवावा. दिवे व पंखे यांस दीडची, १६ अँपियरच्या प्लगास अडीचची, गीझर व वातानुकूल यंत्र यांस चारची तार घालण्याची रीत आहे. एम.सी.बी. तारेच्या रक्षणासाठीं असते. ती वारंवार पडते म्हणून मोठी बसविणें म्हणजे भुंकतो म्हणून राखणदार कुत्र्यास हांकलून देणें होय.

आतां अर्थिंग. हिरवी तार साधनाच्या धातूच्या अंगास जमिनीशीं जोडते. घरांतील तारांच्या बाबतींत ती फेजच्या तारेइतकीच जाड असावी. जमिनींत साधारणतः अडीच मीटर लांबीचा, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ उभा पुरून त्याभोंवतीं कोळसा व मीठ भरतात. आपली काळी माती ओली असतां प्रवाहास चांगली वाट देते. परंतु उन्हाळ्यांत ती भेगाळते, नळापासून सुटते आणि रोध वाढतो. नेमके त्याच दिवसांत घरोघरीं लोखंडी कूलर चालतात!

समजा, अर्थिंगचा रोध २० ओहम झाला आणि कूलरमधील फेजची तार पत्र्यास लागली. जमिनींत २३० ÷ २० = ११.५ अँपियर एवढाच प्रवाह जाईल. १६ अँपियरची एम.सी.बी. तेवढ्यानें पडणार नाहीं. पत्र्यांत वीज खेळत राहील आणि पाणी भरणाऱ्या ओल्या हातास ती गांठील.

यावर उपाय सोपे आहेत. अर्थिंगच्या खड्ड्यांत उन्हाळाभर पाणी घालावें व परवानाधारक वायरमनकडून रोध मोजून घ्यावा. ३० मिलिअँपियरची आर.सी.सी.बी. बसवावी, गेलेल्या व परतलेल्या प्रवाहांत तेवढा फरक पडतांच ती क्षणांत वीज तोडते. न्यूट्रलची तार अर्थिंग म्हणून कधींहि जोडूं नये. कूलरमध्यें पाणी घालण्यापूर्वीं प्लग काढावा.

विद्यार्थिमित्रांनो, खडकावर व वाळूवर बांधलेल्या दोन घरांचा प्रभु येशूचा दृष्टांत आपण ऐकला आहे. पाया दिसत नाहीं, पण पूर आला कीं त्याची परीक्षा होते. भिंतींतील तार व जमिनींतील नळ हेहि असेच दृष्टीआड असतात. सुटींत घरीं गेल्यावर वडील मंडळींस एवढेंच विचारा: आपल्या अर्थिंगला शेवटचें पाणी केव्हां घातलें?