आसारीवर कोणता दोरा आहे, ते आधी बघा

डिसेंबर लागला की नाशिकच्या गच्च्यांवर पतंग उडवणारी पोरं दिसायला लागतात. त्या दिवसांत भेटेल त्या पालकाला मी एकच विनंती करते: मुलाच्या आसारीवर, म्हणजे चक्रीवर, कोणता दोरा गुंडाळलाय, सुती की नायलॉनचा, ते स्वतःच्या हाताने तपासा. नुसतं विचारून भागत नाही. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा ‘साधाच आहे गं’ म्हणतो, तेव्हा तो दरवेळी खोटंच बोलत असतो असं नाही. कधी दोरा मित्राचा असतो, कधी विकणाऱ्यानेच त्याला तसं सांगितलेलं असतं.

पतंगाशी माझं वैर नाही. माझं माहेर येवल्याचं. तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव गच्चीवर असतं; म्हातारी माणसं, सुना, लेकरं, सगळी. संक्रांतीच्या आधी माझे काका अंगणात सरस शिजवायचे, त्यात रंग आणि काचेची पूड कालवायचे आणि बोटांना चिंध्या बांधून सुती दोरा सुतवायचे. तो मांजाही बोट कापायचा, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण तो सुती होता. जोराचा ताण पडला की तुटायचा, पावसापाण्यात कुजायचा. नायलॉनच्या मांजाचं तसं नाही. तो ताणला जातो, पण सहज तुटत नाही. गाडीवरच्या माणसाच्या गळ्याला तो आडवा आला की गाडीचा सगळा वेग त्या एका बारीक रेषेवर येतो आणि दोरा मांसात उतरत जातो. संक्रांत होऊन गेली तरी झाडांवर आणि तारांवर तो तसाच लोंबत राहतो.

काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी ऑफिसमधून स्कूटरवर घरी येत होते. इंदिरानगरच्या बोगद्याच्या अलीकडे गळ्याशी काहीतरी आवळल्यासारखं वाटलं. दिसलं काहीच नाही, कारण संध्याकाळच्या उजेडात हा दोरा दिसतच नाही. डावा हात आपोआप वर गेला आणि दोन बोटं कापली. धुळीसाठी आम्ही नाशिकच्या बायका बांधतो तसा स्कार्फ मी बांधलेला होता, म्हणून गळा वाचला; त्याच्या वरच्या घड्या ब्लेडने कापाव्यात तशा कापल्या गेल्या होत्या. वेग कमी होता, मागे मोठी गाडी नव्हती, एक रिक्षावाले दादा लगेच थांबले. बोटांना टाके पडले, एवढ्यावर निभावलं. प्रत्येकाचं निभावत नाही. 2020 च्या डिसेंबरात नाशिकमध्येच द्वारका भागातल्या उड्डाणपुलावर दुचाकीवरून जाणाऱ्या एका महिलेचा गळा असाच कापला गेला आणि ती गेली. 2025 च्या ऐन संक्रांतीला पाथर्डी फाट्याजवळ एक तरुण मुलगा गेला. दोघांच्याही गळ्याशी आलेला दोरा कुणीतरी हौसेने उडवलेला होता.

माझी बोटं कापली त्या दिवशी माझा तेव्हा आठवीत असलेला मुलगा हाताची पट्टी बघून जेवणभर गप्प होता. रात्री तो गच्चीवर गेला आणि पाण्याच्या टाकीमागून नायलॉनचा एक गट्टू, म्हणजे दोऱ्याचं रीळ, काढून माझ्यासमोर आणून ठेवला. मित्रामित्रांनी वर्गणी काढून, कुणाच्या तरी ओळखीने आणलेला. गट्टूच्या खोक्यावर हा दोरा पतंगासाठी नाही असं बारीक अक्षरात छापलेलंही होतं.

मी ओरडले नाही. का आणला, एवढंच विचारलं. तो म्हणाला, “आई, सगळ्यांकडे नायलॉन आहे. साध्या दोऱ्याने एक पेच टिकत नाही. पतंग गेला की सगळे हसतात.”

पालकांनी थांबून ऐकावं असं वाक्य हेच आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. या वयातल्या मुलाला पोलिसांची भीती फारशी नसते, अपघाताची तर नसतेच. चार मित्रांसमोर हरण्याची मात्र असते. म्हणून एकट्या आपल्या मुलाकडून दोरा काढून घेतला, तर आपण त्याला गच्चीवरून उठवल्यासारखंच होतं. आमच्याच गल्लीत एका घरी रागाच्या भरात सगळे पतंग फाडून टाकले. तो मुलगा दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीत उडवायला गेला. तिथे त्याच्या हातात कोणता दोरा होता, हे त्याच्या आईला कळायला काही मार्गच उरला नाही.

आम्ही बिल्डिंगमधल्या सगळ्या आईवडिलांना एकत्र बसवलं. एक काका म्हणाले, “पोरांचा खेळ आहे, कशाला बाऊ करता?” मी पट्टी सोडून बोटं दाखवली, मग ते काही बोलले नाहीत. नियम मात्र मुलांनाच करायला सांगितले आणि त्यांनी ते आमच्यापेक्षा कडक केले: ज्याच्याकडे नायलॉन सापडेल, त्याचा पतंग त्या दिवशी बंद, आणि तपासणी कॉलेजात जाणाऱ्या दादा-ताईंनी करायची. सगळ्यांकडे सारखाच साधा दोरा आला तेव्हा पेच पुन्हा हाताच्या कसबावर लागायला लागले. ढील कधी द्यायची, खेच कधी मारायची, हे मुलं पहिल्यांदा शिकली. माझा मुलगा त्या वर्षी भरपूर हरला आणि तरी अंधार पडेपर्यंत खाली यायला तयार नव्हता.

दोरा ओळखायचा कसा? वीतभर तुकडा चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर न्या. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते. नायलॉन आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी उरतो. मुलासमोरच करून दाखवा, त्याला पुढे दुकानात फसवणं अवघड जाईल. घरी येणारी पार्सलंही उघडून बघा, कारण हा दोरा ऑनलाइन भलत्याच नावाने येतो.

कायद्याचंही मुलांना नीट सांगा, धाक म्हणून नको, माहिती म्हणून. राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर पोलीसही मनाई आदेश काढतात. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा होतो, आणि मुलगा अल्पवयीन असेल तर पोलीस ठाण्यात त्याच्यासोबत आपल्यालाही उभं राहावं लागतं.

आपण कितीही काळजी घेतली तरी दुसऱ्याच्या गच्चीवरचा दोरा आपल्या हातात नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत लहान मुलाला स्कूटरवर पुढे उभं करू नका. आडव्या आलेल्या दोऱ्याशी पहिली गाठ त्याचीच पडते. क्लासला सायकलने जाणाऱ्या मुलामुलींच्या गळ्याला जाड मफलर असू द्या. स्कूटरला समोर कमानीसारखी लोखंडी सळई बसवून मिळते, ती बसवा. उड्डाणपूल टाळता आला तर टाळा. दोरा लागलाच तर तो ओढू नका, गाडी हळूहळू थांबवा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, गळ्याभोवती काहीही आवळून बांधू नका आणि 108 ला फोन करा. कटलेल्या पतंगामागे रस्त्यावर धावायचं नाही, विजेच्या तारेत अडकलेला पतंग काठीने काढायचा नाही, हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. मुलं कंटाळतात, तरी सांगा.

पक्ष्यांविषयीचं बोलणं मुलांना आपल्यापेक्षा लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे. आपल्या जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वरचं पाणथळ 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, आणि थंडीतले पाहुणे पक्षी तिथे असतात तेव्हाच आपलं आकाश दोऱ्यांनी भरलेलं असतं. शहरातल्या घारी, बगळे, घुबडं या दोऱ्यात लटकून मरतात. पाखरं सकाळी घरट्यातून निघतात आणि संध्याकाळी परततात, त्या वेळी पतंग उडवायचा नाही, हा नियम आमच्या मुलांनी स्वतः केला. अडकलेला पक्षी दिसला तर पंखातला दोरा ओढायचा नाही, दोन्ही बाजूंनी कात्रीने कापायचा, पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवायचं.

कर झाली की दुसऱ्या दिवशी आम्ही गच्ची आणि आवारातली झाडं साफ करतो. हात पोहोचेल तिथला दोरा मुलं आकडीने काढतात, उंचावरचा आणि तारांवरचा नाही. तो गोळा तसाच घंटागाडीत टाकू नका. हातमोजे घालून त्याचे बारीक तुकडे करा, कागदात बांधा आणि सुक्या कचऱ्यात देताना आत मांजा आहे हे घंटागाडीवरच्या माणसाला सांगा. त्यांना तो कचरा हातानेच निवडावा लागतो.