केसपेपर संगणकावर नेण्याआधी

जुने केसपेपर संगणकावर चढवणे म्हणजे निव्वळ टायपिंग, असे सॉफ्टवेअर विकणारे सांगतात आणि आपल्यापैकी बहुतेक जण ते मान्य करतात. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, असे माझे ठाम मत झाले आहे. कोणत्या दाताची नोंद कुठे बसवायची, रिकाम्या रकान्याचा अर्थ काय लावायचा, सारखी दिसणारी दोन नावे एकाच पेशंटची की दोघांची, हे ठरवणे वैद्यकीय काम आहे. ते अशा माणसाच्या हाती जाते ज्याला दातांतले काही कळत नाही आणि ज्याच्यावर पुढे कसलीच जबाबदारी येत नाही. चूक निघाली की सही आपली, नोंदणी क्रमांक आपला, पेशंटही आपल्याच दारात. आमच्या दवाखान्याच्या नोंदी ज्या कंपनीने हलवल्या तिचे नाव मी इथे घेत नाही. पण तिने जे केले ते दोन खुर्च्यांच्या कुठल्याही दवाखान्यात होऊ शकते, म्हणून तपशिलात लिहिते.

दातांच्या क्रमांकांचेच घ्या. आपण केसपेपरवर एफडीआयचे दोन आकडी क्रमांक लिहितो. पहिला आकडा जबड्याच्या चतुर्थांशाचा, दुसरा दाताचा. म्हणून १६ म्हणजे वरची उजवी पहिली दाढ आणि ३६ म्हणजे खालची डावी पहिली दाढ. अमेरिकेत १ ते ३२ असे सलग क्रमांक चालतात: वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सुरुवात, वरच्या डाव्या अक्कलदाढेला १६, तिच्याखालच्या अक्कलदाढेला १७, आणि खालच्या उजव्या अक्कलदाढेला ३२. सॉफ्टवेअर मुळात अमेरिकी पद्धतीवर बेतलेले असेल आणि आयात करणाऱ्याने ती निवड तशीच ठेवली, तर आपली १६ नंबरची दाढ दुसऱ्या बाजूच्या अक्कलदाढेवर जाऊन बसते. आता गणित पाहा. एफडीआयच्या ३२ क्रमांकांपैकी ३३ ते ३८ आणि ४१ ते ४८ हे १४ क्रमांक अमेरिकी पद्धतीत अस्तित्वातच नाहीत, म्हणून संगणक ते 'अमान्य' ठरवतो. दुधाच्या दातांचे ५१ ते ८५ हेही तसेच, कारण तिकडे दुधाच्या दातांना ए ते टी अशी अक्षरे आहेत. उरलेले १८ क्रमांक मात्र दोन्ही पद्धतींत वैध आहेत, आणि त्या अठरांपैकी एकही क्रमांक दोन्हीकडे एकाच दाताचा नाही. म्हणजे ते सगळे निमूटपणे आत जातात आणि सगळे चुकीच्या जागी बसतात.

ही गोष्ट लक्षात येते तेव्हा आधी विश्वासच बसत नाही, कारण आयातीचा अहवाल तर व्यवस्थित असतो. त्यात नाकारलेल्या ओळींची यादी असते, तिच्यावर सगळ्यांचे लक्ष जाते, त्या ओळी हाताने भरल्या जातात आणि काम संपले असे वाटते. नाकारलेली नोंद निदान डोळ्यांना दिसते. घात करते ती स्वीकारली गेलेली चुकीची नोंद, कारण ती शेजारच्या बरोबर नोंदीइतकीच नीटनेटकी दिसते. कागदावर खाडाखोड असली, शाई पसरली असली, अक्षर लागत नसले की वाचणारा आपोआप सावध होतो. पडद्यावर सगळेच सारख्या टायपात येते आणि ती सावधगिरी संपते. हे कंपनीला उदाहरणांसह दाखवल्यावर उत्तर मिळाले की डेटा तुमच्याकडूनच तसा आला. डेटा बरोबरच होता, त्याचा अर्थ त्यांच्या सॉफ्टवेअरने बदलला, एवढी साधी गोष्ट त्यांच्या माणसाला शेवटपर्यंत मान्य करायची नव्हती.

त्यावर सुचवलेला उपाय तर मूळ चुकीपेक्षा वाईट. सेटिंग बदलून घ्या, म्हणाले, आणि त्याचे वेगळे पैसे. आता ज्या सॉफ्टवेअरमध्ये आतल्या साठ्यात अमेरिकी क्रमांक असतो आणि पडद्यावर तो हव्या त्या पद्धतीत दाखवला जातो, तिथे सेटिंग बदलल्याने फक्त पाटी बदलते. चुकून वरच्या डाव्या अक्कलदाढेवर बसलेली नोंद तिथेच राहते आणि तिच्यावर आता २८ असे लिहून येते. मूळ १६ हा आकडा, म्हणजे चूक शोधण्याचा शेवटचा धागा, तोही पडद्यावरून जातो. त्यात नव्या पेशंटच्या बरोबर नोंदी रोज भरत राहतात आणि महिन्याभरात बरोबर-चूक अशी मिसळतात की सगळे एका फटक्यात उलट फिरवणेही अशक्य होते. म्हणून कागदावरून आलेल्या प्रत्येक नोंदीवर 'जुन्या केसपेपरवरून' अशी खूण आणि जुन्या केसपेपरचा क्रमांक, असे दोन वेगळे रकाने आधीच मागून घ्या. विक्रेता म्हणेल, याची गरज नसते. ऐकू नका. पुढे काही निस्तरायची वेळ आली तर त्या दोन रकान्यांखेरीज दुसरा आधार नाही.

तारखांचेही हेच. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. टाइप केलेली फाइल अमेरिकी सेटिंगच्या संगणकावर उघडली की २५/०३/२०१४ ही तारीख त्याला समजत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. ती मजकूर म्हणून पडून राहते आणि कोणाच्या तरी नजरेस येते. पण ०५/०३/२०१४ चे गुपचूप ३ मे होते. इथेही जे अडते ते दिसते, जे बिनबोभाट जाते ते बिघडते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असेच टाइप करून घेणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

रिकाम्या रकान्याचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. केसपेपरवर ॲलर्जीपुढे काही लिहिलेले नसेल तर त्याचे दोन अर्थ निघतात: विचारले आणि नाही म्हणाले, किंवा विचारलेच नाही. लिहिणाऱ्या डॉक्टरला हाताच्या सवयीवरून हा फरक कळतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तिथे एक चौकट असते, टिक केली तर 'हो', नाहीतर 'नाही'. मग ज्या पेशंटला पेनिसिलीनबद्दल कधीच विचारलेले नाही, त्याच्या नावापुढे ॲलर्जी नसल्याची नोंद उभी राहते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि हाडांच्या ठिसूळपणावर दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट औषधे यांचेही तेच. दाढ काढण्याआधी ही दोन्ही माहीत असणे किती आवश्यक आहे हे दंतवैद्यांना सांगायला नको. तिथे 'आहे', 'नाही' आणि 'विचारलेले नाही' असे तीन पर्याय नसतील तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका. कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेल्या सूचनांसाठी तर सहसा रकानाच नसतो, त्यामुळे टाइप करणारी व्यक्ती त्या सोडून देते. तिचा दोष नाही, तिला तसेच सांगितलेले असते.

यावर काही सहकारी म्हणतात, एवढे काय, तोंड उघडून पाहिले की कोणत्या दातावर काम झाले ते कळतेच. काही बाबतींत कळते, हे खरे. कॅप दिसते, भरलेला दात दिसतो, काढलेल्या दाताची मोकळी जागा दिसते. पण रूट कॅनाल करताना फाइलचा तुकडा आत राहिला आणि ते पेशंटला त्याच दिवशी सांगितले, ही नोंद तोंडात दिसत नाही. एक्स-रेवर तुकडा दिसेल. सांगितल्याची तारीख दिसणार नाही. आणि उद्या तक्रार झाली तर सगळा वाद त्या तारखेवरच असतो. चुकीच्या दाताच्या नावे निघालेली छापील चिठ्ठी घेऊन पेशंट तोंडाच्या सर्जनकडे गेला तर तो सर्जन तरी आधी कोणावर विश्वास ठेवेल?

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. कागद तरी कुठे सुरक्षित आहे? वाळवी लागते, शाई उडते, धुतानाचे रसायन राहून गेलेली एक्स-रेची फिल्म तपकिरी पडते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कागदाला काय वाव होता? हे सगळे मान्य आहे, आणि संगणकावर जाऊच नका असे मी म्हणतही नाही. पण 'आमच्या सर्व्हरवर सगळे सुरक्षित असते' हे वाक्य डोळे मिटून घेण्यासारखे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाला कित्येक दिवस कागद-पेनावर काम करावे लागले. म्हणून बॅकअप आपल्या ताब्यात हवा: एक प्रत दवाखान्याबाहेर, आणि एक अशा डिस्कवर जी काम झाले की संगणकापासून काढून ठेवली जाते. आणि अधूनमधून तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडून पाहायचा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबून राहू नये. बाकी पासवर्ड चांगला ठेवा, अँटीव्हायरस टाका, वगैरे सगळे सांगतातच.

तिसरे म्हणणे असे की सॉफ्टवेअरवाले त्यातले तज्ज्ञ आहेत, आपण कशाला डोके घालायचे? कारण कायद्याने हे डोके आपलेच आहे. १९९५ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, तो टप्प्याटप्प्याने लागू होत असला तरी, जबाबदारी कोणाची हे स्पष्ट आहे: माहिती गोळा करणाऱ्याची, म्हणजे दवाखान्याची, विक्रेत्याशी केलेला करार काहीही म्हणो. संगणकातली नोंद कोर्टात पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे पक्के केले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये संगणक सांभाळणाऱ्याबरोबर तज्ज्ञाचीही सही मागितली आहे. ग्राहक आयोगाचे काम इतके काटेकोर चालत नसेल, तरी कोणी, कधी, काय बदलले याचा माग न ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची छापील पाने समोर ठेवून आपण काय सिद्ध करणार?

म्हणून पैसे देण्याआधी करायची गोष्ट म्हणजे चाचणी, आणि तिचे केसपेपर आपण निवडायचे, विक्रेत्यांनी नाही. ते सोपे, स्वच्छ अक्षरातले कागद उचलतात आणि अर्थातच सगळे सुरळीत जाते. आपण मुद्दाम अवघड काढावेत: दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असलेले मूल, खालच्या जबड्यातली कामे, लग्नानंतर आडनाव बदललेली बाई, एकाच मोबाइल नंबरवर आलेले अख्खे कुटुंब. शेवटचे फार आवश्यक. 'दुहेरी नोंदी आपोआप एकत्र करू' असे सांगणारी सोय अनेकदा फोन नंबरवर चालते, आणि आपल्याकडे आजी, सून आणि नातवंडे एकच नंबर देतात. ती सोय बंद ठेवा. मग आलेली प्रत्येक नोंद मूळ कागदाशी दाताच्या नकाशावर ताडून पाहा, यादीत नाही. बाजू बदललेली यादीत डोळ्यांतून निसटते. हे ताडणे दंतवैद्यानेच करावे.

आणि त्याच दिवशी बाहेर पडण्याची वाटही तपासा. सगळ्या नोंदी, एक्स-रे आणि आरव्हीजीच्या प्रतिमांसह, दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा फाइलींत काढून दाखवा, असे सांगा. नावे मराठीत भरली असतील तर ती युनिकोडमध्ये आहेत ना, हेही तेव्हाच कळेल; जुन्या फॉन्टांत भरलेला मजकूर बाहेर काढला की निव्वळ चिन्हांचा कचरा उरतो. 'नंतर देऊ' याचा अर्थ न देणे असा धरा. वार्षिक देखभालीचे पैसे थांबवताच स्वतःच्याच पेशंटच्या नोंदी उघडेनाशा होणे आणि त्या परत मिळवायला नवे बिल येणे, याला दुसऱ्याच्या मालावर डल्ला मारणे म्हणतात, मग कंपनी त्याला काहीही म्हणो. मालकी दवाखान्याची, करार संपल्यावर ठरावीक दिवसांत पूर्ण प्रत विनामूल्य, ॲडमिनचा पासवर्ड दवाखान्याच्या नावे, हे तिन्ही मुद्दे करारात लेखी हवेत. विक्रीला येणारा माणूस गोड बोलतो आणि पुढे नोकरी बदलतो. त्याच्या तोंडी शब्दाला काही किंमत नाही.

संगणकावर गेलो म्हणून कागद लगेच संपवायचे नाहीत. दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेनुसार उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे नोंदी जपायच्या असतात. लहान मुलांच्या, इम्प्लांटच्या आणि वादाची शक्यता असलेल्या केसेसच्या त्याहून कितीतरी जास्त काळ ठेवाव्यात. एक्स-रेच्या फिल्म साध्या स्कॅनरवर नीट उतरत नाहीत, त्यांना फिल्मच्या आरपार उजेड टाकणारा स्कॅनर लागतो, तो नसेल तर मूळ फिल्मच सांभाळा. आणि ज्या दिवशी कागद काढून टाकाल त्या दिवशी ते रद्दीवाल्याला किलोवर देऊ नका. त्यावर लोकांचे पत्ते, फोन नंबर आणि आजार लिहिलेले आहेत. आपल्या डोळ्यांसमोर फाडून नष्ट करून घ्या.