हस्की की मॅलाम्यूट?

प्रश्न : हस्की कुत्र्यासाठी मुलगा हट्टाला पेटलाय. कुणी मॅलाम्यूटही सुचवतं. दोघांत फरक काय? आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. – एक आई, अजमान

उत्तर : ताई, दिसायला दोघं भावंडं, पण घडले वेगवेगळ्या कामासाठी. सायबेरियातल्या चुक्ची लोकांनी हस्की जोपासला तो हलकं ओझं घेऊन, थोडक्या खाण्यावर लांब पल्ला गाठायला. नराचं वजन 20 ते 27 किलो. अलास्काचा मॅलाम्यूट 38 किलोंच्या आसपास. जड सामान सावकाश ओढणारा. 1925 मध्ये घटसर्पावरचं औषध अलास्कातल्या नोम गावी पोचवताना सर्वांत लांबचा, जोखमीचा टप्पा टोगो नावाच्या हस्कीच्या चमूने पार केला.

ही धाव फ्लॅटमध्ये जिरत नाही. त्यात अजमानचा दमट उन्हाळा! दुपारी रस्त्यावर पालथा हात पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला, तर त्याच्या पंजांनाही बसणारच. केस भादरणं हा उपाय नव्हे, दुहेरी लव त्याला उन्हातही राखते.

माझं मत स्पष्ट आहे : दोन्ही नकोत. निवाऱ्यातला, तिथल्या उन्हाला सरावलेला एखादा कुत्रा मुलाला घेऊन बघून या.