घरून काम करणाऱ्यांसाठी ऑफिसचे दार किती उघडावे?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे. अकाउंटंट सिन्नरहून, डिझायनर पुण्याहून काम करतात. ऑफिसच्या राउटरवर व्हीपीएन आहे. क्लाउड सुरक्षा घ्यावी का?
– एक उद्योजक, नाशिक

उत्तर : जरूर घ्या, पण आधी घरची भोकं बुजवा. टॅलीच्या पीसीचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा असेल, तर आजच बंद करा. रॅन्समवेअरवाले तेच हुडकत असतात. नोकरी सोडून गेलेल्यांची लॉगिन काढा. पासवर्डच्या जोडीला ऑथेंटिकेटर ॲप सक्तीचे करा.

साध्या व्हीपीएनमध्ये एकदा पासवर्ड जुळला, की बहुधा सगळे नेटवर्कच हाती लागते. क्लाउड सुरक्षा सेवा मात्र माणूस कोण, लॅपटॉप अपडेट आहे का, हे तपासून नेमून दिलेलेच ॲप उघडते : अकाउंटंटला टॅली, डिझायनरला ड्रॉइंग. शुल्क बहुधा माणशी असते, त्यामुळे छोट्या युनिटलाही झेपते.

करारापूर्वी लॉग, म्हणजे कोण कधी आत आले याच्या नोंदी, किती दिवस मिळतील, ते विचारा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि सायबर हल्ला ६ तासांत त्या संस्थेला कळवायचा असतो. पैसे गेले, तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. बॅकअपची एक प्रत मात्र नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवरच ठेवा. ते काम कोणतीही क्लाउड सुरक्षा करून देणार नाही.