मुका मार मेंदूलाही बसतो

पावसाला सुरुवात झाली की पौड-पिरंगुट भागातल्या दवाखान्यांत डोक्याला मार लागलेली माणसं वाढतात. ताम्हिणीच्या वळणावर गाडी घसरलेली पोरं, गोठ्यावरचे पत्रे ठोकताना खाली आलेला शेतकरी, ओल्या बांधावरून पाय सरकलेली आजी, कारखान्यात डोक्यावर पेटी आदळलेला कामगार. सोबत आलेला नातेवाईक फाईल पुढे सरकवतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो : “डॉक्टर, सीटी स्कॅन केलाय, नॉर्मल आहे. काही झालेलं नाही.”

स्कॅन नॉर्मल आहे, हे चांगलंच झालं. पण काही झालेलं नाही, हे कोणी सांगितलं?

सीटी स्कॅन कवटीचं फ्रॅक्चर दाखवतो, रक्तस्राव दाखवतो, मोठी सूज दाखवतो. जीव वाचवायला हीच माहिती आधी लागते, म्हणून तो करायलाच हवा. मात्र स्टीलच्या डब्यातलं दही डब्याला पोचा न पडताही हिंदकळतं, तसा मेंदू कवटीत हिंदकळतो. पेशींचे केसाहून बारीक तंतू ताणले जातात, क्षारांचा आणि रसायनांचा तोल बिघडतो, पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच पुरवठा कमी पडतो. यातलं काहीच साध्या सीटीत दिसत नाही. पायाला मुका मार बसला, एक्स-रे साफ आला, तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी चिखलणीला उतरत नाही. डोक्याच्या बाबतीत मात्र कागद साफ आला की माणूस बरा झाला असं घर, कंपनी आणि तो स्वतःही धरून चालतो.

डिस्चार्ज कार्डावरचा ‘सौम्य’ हा शब्दही घोटाळा करतो. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण देण्याची पद्धत काढली. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. जगभर आजही तीच वापरतात. १३ ते १५ गुण असले की दुखापत सौम्य म्हणतात. म्हणजे त्या वेळी शुद्ध चांगली आहे, एवढंच. पुढचे दोन महिने कसे जातील हे त्या आकड्यात नसतं.

माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिशीतला तरुण, पिरंगुटकडच्या कारखान्यात कंत्राटी कामाला. रात्रपाळी संपवून येताना घाटात गाडी घसरली. हेल्मेट होतं, पण कोपरात अडकवलेलं. काही क्षण शुद्ध हरपली, सीटी नॉर्मल आला, दुसऱ्या दिवशी घरी. सुट्टीचे पैसे कापले जातात आणि गाडीचा हप्ता थांबत नाही, म्हणून आठवडाभरात पुन्हा रात्रपाळी. तिथून सगळं बिघडलं. डोकं ठणकायचं, दिवे सहन व्हायचे नाहीत, रोज हाताखालून जाणाऱ्या मशिनचं सेटिंग आठवायचं नाही. सुपरवायझर ओरडला की हा दुप्पट ओरडायचा. वडील म्हणाले, नाटकं करतोय, कामाचा कंटाळा. आईने बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून देवऋषी गाठला. मित्राने मोबाईलवर मेंदूची नस मोकळी करणाऱ्या काढ्याचा व्हिडिओ दाखवला. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळी आणली, आणि वर रोज रात्री थोडी दारू. बायको हळू आवाजात म्हणाली, “हे आधी असे नव्हते हो डॉक्टर. पोराच्या अंगावर कधी ओरडले नव्हते.”

अशा माणसाला नाटकी म्हणणारे नातेवाईक मला भेटतात तेव्हा मी आवाज चढवतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. चिडचिड, विसराळूपणा, उजेडाचा आणि आवाजाचा त्रास, झोप उडणं, बारीकसारीक गोष्टीवरून रडू येणं ही दुखापतीचीच लक्षणं आहेत. बाहेरचं काही लागलेलं नसतं, आणि स्वभावही बिघडलेला नसतो. त्यावर अंगारा लावून आठवडे घालवलेत तर ते आठवडे रुग्णाच्या खात्यातून जातात.

आणि इथे ताणाचा प्रश्न येतो. लोकांना वाटतं, टेन्शन ही मनाची गोष्ट आणि मार ही शरीराची. दोघांचा काय संबंध? संबंध थेट आहे. ताणात शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतं. आठवणी पक्क्या करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग अशा संप्रेरकांना पकडून धरतो, हे अमेरिकेतल्या ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ मध्ये उंदरांत दाखवलं. पुढचं महत्त्वाचं काम आपल्याच देशात झालं. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास जखडून ठेवलं आणि मग मेंदूच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या होत्या. भीती सांभाळणाऱ्या अमिग्डालात मात्र त्या वाढल्या होत्या. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : ताण संपवून एकवीस दिवस विश्रांती दिली, तरी अमिग्डालातली वाढ आणि उंदरांचा भित्रेपणा ओसरला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांनी लहान वयात सोसलेल्या ताणाच्या मोठेपणीही टिकणाऱ्या खुणांवर अनेक वर्षं काम केलं आहे.

उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे चिकटवायचे नसतात, आणि त्या उंदरांच्या डोक्याला मारही लागलेला नव्हता. पण डोक्याच्या दुखापतीत हाच हिप्पोकॅम्पस सहज दुखावतो, आणि मारानंतर चिंता-नैराश्यात सापडलेल्या रुग्णांचा त्रास जास्त लांबतो, हे माणसांमध्येही दिसून आलेलं आहे. दुखावलेल्या भागावर रोजची धास्ती, टोमणे, अपुरी झोप आणि हप्त्याची काळजी लादायची आणि वर विचारायचं, अजून बरा कसा होत नाही? घरातली शांतता हा इथे औषधाचा भाग आहे, हे मी चिठ्ठीवर लिहून देतो. नातेवाईकांना ते औषध वाटत नाही, कारण त्याचं बिल होत नाही.

त्यांना इंजेक्शन हवं असतं. “सूज उतरायचं एक मारा ना.” ही मागणी मी चटकन सोडून देत नाही, कारण तिच्यामागे मोठा इतिहास आहे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना जगभरचे डॉक्टर कित्येक वर्षं स्टिरॉइड देत होते. सूज कमी होईल हा विचार पटण्यासारखा होता. मग अनेक देशांतल्या दहा हजारांहून जास्त रुग्णांवर त्याची नीट चाचणी घेतली. २००४ मध्ये निकाल आला : स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांच्या आत शंभरांतले सुमारे २१ दगावले, न दिलेल्यांत सुमारे १८. पटणाऱ्या विचाराने माणसं मरत होती. डोक्याच्या मारावर ताकदीचं नाहीतर सुजेचं म्हणून इंजेक्शन टोचणारा कोणी असेल, तर त्याच्या खुर्चीवरून उठून या. पहिल्या दिवसांत डोकेदुखीला पॅरासिटामॉल पुरतं. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका. आत रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंदही करू नका, पण तपासणाऱ्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा.

आता धोक्याच्या खुणा. या पाठ करा, कारण त्या रात्री दोन वाजता लागतात. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झटका, बोलणं अडखळणं, एका हातापायातली ताकद कमी होणं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं किंवा रक्तमिश्रित गळणं, विचित्र वागणं, आणि जागं करूनही नीट जागं न होणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, १०८ लावायचा. नाकाला कांदा नाही, तोंडात पाणी नाही, डोक्याला तेल नाही. आणि कृपा करून जखमीला दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवरून आणू नका. मान दुखावलेली असेल तर त्या प्रवासात तो कायमचा लुळा होऊ शकतो. पोलीस-कोर्टाच्या भीतीने रस्त्यावर कोणी थांबत नाही, म्हणून हेही सांगतो : मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे.

“तो तर चालत घरी आला” हे वाक्य मला सगळ्यात जास्त घाबरवतं. क्रिकेटपटू रमण लांबा आठवतात? फेब्रुवारी १९९८, ढाका. हेल्मेट न घालता फलंदाजाच्या जवळ उभे होते, चेंडू डोक्याला लागला. स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. थोड्या वेळाने शुद्ध हरपली आणि तीन दिवसांत ते गेले. कवटीच्या आत साचत जाणारं रक्त असा मधला शुद्धीचा वेळ देतं, आणि माणसं त्यावर विश्वास ठेवतात.

झोपू द्यायचं की नाही, हे दर दुसरा नातेवाईक विचारतो. डॉक्टरने तपासून घरी पाठवलं असेल तर झोपू द्या. दुखावलेल्या मेंदूला झोप हवी असते. रात्रभर गालावर चापट्या मारून जागं ठेवणं हा छळ आहे. पहिल्या रात्री जवळ एक समजूतदार माणूस असावा, आणि किती वेळाने उठवून पाहायचं हे घरी निघण्याआधीच डॉक्टरला विचारून घ्यावं.

याच्या उलट टोकाची माणसंही आहेत. पडदे ओढून, महिनाभर खाटेवर. तेही चूक. पहिले एक-दोन दिवस निवांत राहायचं, मोबाईल-टीव्ही कमी करायचा, मग हळूहळू चालायला लागायचं. डोकं फार चढणार नाही इतपत. अमेरिकेत २०१५ मध्ये एका अभ्यासात लहान वयाच्या रुग्णांच्या एका गटाला पाच दिवस सक्तीची विश्रांती दिली, तर त्यांच्या तक्रारी एक-दोन दिवस विश्रांती घेतलेल्यांपेक्षा जास्त निघाल्या. २०१९ मध्ये बफेलोच्या जॉन लेडी यांनी खेळात डोक्याला मार लागलेल्या किशोरवयीनांना रोज सोसेल एवढा व्यायाम दिला. ती मुलं साधारण १३ दिवसांत सावरली, नुसते अंग ताणायचे व्यायाम करणारी १७ दिवसांत. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. घाबरून जाऊ नका, मेंदू सावरतो. तो पिरंगुटचा तरुणही दोन-अडीच महिन्यांत सावरला : दारू आणि गोळी बंद, ठरल्या वेळी झोप, पहाटे बांधावरून चालणं, आणि वडिलांना समोर बसवून दिलेली एक कडक समज. गोंगाटात त्याचं डोकं अजून चढतं, हेही खरं.

म्हाताऱ्या माणसांचं गणित वेगळं आहे. वयाने मेंदू थोडा आकसतो, शिरा ताणलेल्या असतात, आणि साध्या पडण्याने थेंब थेंब रक्त साचत जातं. लक्षणं कधी कधी तीन-चार आठवड्यांनी येतात : आजोबा चालताना एका बाजूला झुकतात, नावं चुकवतात, दिवसभर पेंगतात. घरचे म्हणतात, वय झालं. तुमच्या घरात असं अचानक झालं असेल तर मागच्या दोन महिन्यांत ते कुठे पडले होते का, हे आठवून डॉक्टरला सांगा. आधीचा सीटी नॉर्मल असला तरी तो पुन्हा करावा लागतो. हे रक्त बहुतेकदा छोट्या ऑपरेशनने काढता येतं, आणि वेड लागलं म्हणून कोपऱ्यात बसवलेला माणूस पुन्हा नातवंडांची नावं घेऊ लागतो.

राहिला कामाचा प्रश्न. अर्धा दिवस, हलकं काम, मग पूर्ण दिवस, असं चढत जा. चक्कर आणि गुंगी पूर्ण थांबल्याशिवाय गाडी चालवू नका, झाडावर किंवा छपरावर चढू नका. महिनाभर तरी डोक्याला दुसरा मार लागू देऊ नका. हेल्मेट डोक्यावर आणि पट्टा लावलेला; आजवरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो की मोटारसायकलच्या अपघातात त्याने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. आणि कंपनीत ठेकेदार ऐकत नसेल तर डॉक्टरकडून नुसती ‘विश्रांती’ असं लिहिलेली चिठ्ठी घेऊ नका. रात्रपाळी नको, उंचीवर काम नको, चालत्या मशिनवर नको, किती आठवडे आणि पुन्हा तपासणी कधी, हे त्यात स्पष्ट लिहून मागा.