आमच्या गावात आम्हीच सरकार : मेंढा (लेखा) कडून शिकण्यासारखं

मार्च 2018. मी तेव्हा शाळेत होते. हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईला पायी निघाले होते आणि आमची स्कूलबस हायवेवर अडकली होती. लाल टोप्या, लाल झेंडे आणि कितीतरी जणांचे पाय अनवाणी! "यांना काय हवंय?" मी विचारलं. ड्रायव्हरकाका म्हणाले, "जमिनीचा कागद." कसला कागद, हे समजायला मला इंजिनिअरिंगला यावं लागलं.

2006 साली वनहक्क कायदा झाला. पेठ-सुरगाण्याकडचे लोक त्यानुसार कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क मागत होते. पण याच कायद्यात अख्ख्या गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळण्याचीही तरतूद आहे. देशात हा हक्क सुरुवातीला ज्या गावांनी मिळवला, त्यातलं एक गाव महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). शंभरएक घरांचं गोंड गाव.

मित्रांनो, गडचिरोली म्हटलं की आपल्याला फक्त नक्षलवाद आठवतो. 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा बहुतांश जंगलाचा. गोंडी, माडिया, मराठी, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली अशा कितीतरी भाषा तिथे बोलल्या जातात. 1980 च्या सुमारास नक्षलवादी आले आणि पुढची चार दशकं सामान्य माणूस दोन बंदुकांच्या मधे सापडला. अशा ठिकाणी गाव मजबूत कसं करायचं? आपण इंजिनिअर लगेच म्हणणार, रस्ता, पूल, मोबाईल टॉवर! ते हवंच. पण मेंढ्याने त्याआधी एक वेगळीच गोष्ट बांधली : निर्णय घ्यायची पद्धत.

1980 च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध आदिवासींचं मोठं आंदोलन झालं. त्यातून मेंढ्याचे लोक विचार करू लागले. गावातले देवाजी तोफा पुढे आले. 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल (यांचं 2025 मध्ये निधन झालं) सोबतीला होते. गावाने दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या. एक अभ्यासगट आणि दुसरी ग्रामसभा. अभ्यासगटात कुणीही बसावं, बाहेरच्या तज्ज्ञानेही. कायदा वाचायचा, प्रश्न विचारायचे, वाद घालायचा. पण निर्णय मात्र ग्रामसभेचा. तोही बहुमताने नाही, सर्वानुमते! एकाला जरी पटलं नाही तरी थांबायचं, पुन्हा बोलायचं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा यातूनच आली.

याचा उपयोग काय झाला? 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना वनखातं देईना. खात्याचं म्हणणं, बांबू म्हणजे झाड, त्यामुळे तो खात्याचा. गावाने कायदा वाचलेला होता. त्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिला आहे. गाव हटलं नाही. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं. बंदूक नाही, दगड नाही. अभ्यास आणि एकी, बस्स!

आमच्या सिव्हिक्सच्या पुस्तकात मेजॉरिटी म्हणजेच लोकशाही असं शिकवलं होतं. गेल्या सेमिस्टरला होस्टेलच्या मीटिंगमध्ये हात वर करून मेसचा मेनू ठरला. पाच मिनिटांत काम झालं. विरोधात चार मुली होत्या. कुणी त्यांना कारणही विचारलं नाही, मीसुद्धा नाही. त्यातली एक मुलगी महिनाभर दुपारी नुसता वरणभात खात होती, हे मला फार उशिरा कळलं. वेळ वाचला, पण ती आमच्यातून तुटली. सर्वानुमतीला वेळ लागतो. मात्र एकदा ठरलं की 'मला नव्हतं पटलं' म्हणणारा कुणी मागे उरत नाही. कुणी फोडू पाहिलं तरी गाव फुटत नाही, ते यामुळेच.

उद्या आपल्यातलं कुणी पेठला, सुरगाण्याला नाहीतर गडचिरोलीला प्रोजेक्ट घेऊन जाईल. तेव्हा लक्षात ठेवूया, आपली जागा अभ्यासगटात आहे. माहिती सगळी द्यायची, हातचं काही राखायचं नाही. निर्णय त्यांचा. आणि सुरुवात पुढच्या मेस मीटिंगपासून करायला काय हरकत आहे?