गद्धेपंचविशी कोणाची?

‘गद्धेपंचविशी’ म्हणजे नेमके किती वय, असे मी इंदूरच्या माझ्या बी.ए.च्या वर्गात विचारले. बहुतेकांचे उत्तर आले, ‘पंचवीस’. ‘पंचविशीतला तरुण’ हा प्रयोग कानात असल्याने ही चूक साहजिक आहे. कोशांत मात्र या शब्दाचा अर्थ १६ ते २५ वर्षांचा सबंध काळ असा दिला आहे. येथे पंचविशी ही शेवटची मर्यादा. ती सरली की गाढवपण संपावे, ही अपेक्षा!

संस्कृत ‘गर्दभा’पासून मराठीत ‘गाढव’ आले, पण ‘गाढवपंचविशी’ कोणी म्हणत नाही. ‘गद्धे’ हे रूप हिंदी ‘गधा’च्या वळणाचे आहे आणि हिंदीतही याच वयासाठी ‘गदहपचीसी’ हा शब्द आहे. माळव्यातील मराठी मुलांच्या कानांवर दोन्ही पडतात.

अर्थाची छटा पाहावी. पोराला ‘गधड्या’ म्हटले की ती शिवी होते. ‘त्याची गद्धेपंचविशी चालू आहे’ म्हटले की त्याच शिवीची सवलत होते. दोष पोराचा नाही, वयाचा. म्हणूनच प्रौढ माणसे हा शब्द स्वतःच्या तारुण्याविषयी काहीशा लाडाने वापरतात. मुलगा सोळाचा झाला की त्याला मित्रासारखे वागवावे, असे संस्कृत सुभाषित सांगते. मराठीने नेमके तेथूनच गाढवपण मोजायला घेतले. दोन मुलग्यांचा बाप म्हणून मला मराठीचे निरीक्षण अधिक खरे वाटते.

एका विद्यार्थिनीने मग विचारले, ‘सर, मुलींची गद्धेपंचविशी कधी असते?’

जुन्या वापरात ती जवळपास नाहीच. १९२९च्या शारदा कायद्याने लग्नाचे किमान वय ठरवले, तेही मुलीचे १४ आणि मुलाचे १८. सोळाव्या वर्षी जी सासरी नांदत होती, जिच्या कडेवर मूल होते, तिला वेडेपणा करायला सवड कोठली? आणि लग्न लांबलेच, तर भाषेने तिच्यासाठी वेगळे जनावर राखून ठेवले होते : ‘घोडनवरी’. ‘घोडनवरा’ही म्हणत, पण बोच ‘घोडनवरी’त अधिक. मुलाच्या गाढवपणाला माफी आहे. मुलीच्या वाट्याला आलेला घोडा म्हणजे ठपका, तोही तिच्या हाती नसलेल्या गोष्टीचा.

पुढच्या तासाला त्याच मुलीने स्वाध्यायाच्या वहीत वाक्यात उपयोग लिहून आणला : ‘माझ्या गद्धेपंचविशीची अजून सहा वर्षे शिल्लक आहेत.’ मी बरोबरची खूण केली.